सांडूअण्णा गोष्टी तपासतात

"थांबा. गाडी बाजूला घ्या."

माझं कथावाचन ऐन रंगात आलेलं असताना हे वाक्य पहिल्यांदा कानावर पडलं, तेव्हा मी खरोखरच खिडकीतून बाहेर बघितलं. वाटलं, वाचनालयाच्या फाटकात कुणीतरी रिक्षा आडवी लावली असणार. पण बोलले होते दाराजवळच्या खुर्चीवर बसलेले एक काटकुळे गृहस्थ, आणि बाजूला घ्यायची गाडी म्हणजे माझी कथा होती.

"ही बाई फुलंब्रीहून चारला निघाली," ते म्हणाले, "आन साडेचारला पिशोरात भाकरी थापायला बसली. कशानं गेली? हेलिकॉप्टरनं?"

"कारनं गेली असेल," मी म्हटलं.

"पान दोनवर तिच्या नवऱ्याकडं सायकल हाये."

मी एका खाजगी शाळेत गणित शिकवते. वर्गात दर तासाला चाळीस पोरांच्या चुका काढते. माझी चूक, तीही काळ-काम-वेगाच्या गणिताची, चारचौघांत कुणी काढावी ही गोष्ट मला आजही सहन होत नाही. त्या दिवशी तर मी चहासुद्धा न पिता घरी आले. मग दार लावून फुलंब्री ते पिशोर अंतर मोबाईलवर बघितलं. ते गृहस्थ बरोबर होते, त्यामुळे मला ते आणखीच आवडेनासे झाले.

त्यांचं नाव सांडू. आमच्याकडं सिल्लोड-कन्नडच्या पट्ट्यात सांडू नावाची माणसं गावोगाव भेटतात, पण तपासणारा सांडू हा एकच. पंचवीस-तीस वर्षं त्यांनी लाल गाडीत काढली, आधी कंडक्टर म्हणून आणि नंतर चेकर म्हणून. चेकरचं काम कसं असतं ते त्यांच्याच तोंडून ऐकावं. एखाद्या वळणावर बाभळीच्या आडोशाला जीप उभी करायची, गाडी आली की हात करायचा, आत चढायचं आणि पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत एकेकाच्या तोंडाकडं बघत जायचं. "तिकीट मागून बघायचं," ते सांगतात. "आधी त्वांड बघायचं."

रिटायर झाल्यावर बघायला तोंडं कमी पडू लागली असणार. म्हणून ते रोज सकाळी आमच्या एन-सेव्हन वस्तीतल्या वाचनालयात पेपर वाचायला येत. त्याच वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी दहा वाजता आमचं कथामंडळ भरतं. आम्ही सात-आठ जण. एकमेकांच्या कथा ऐकायच्या, 'छान जमलीय' म्हणायचं, चहा प्यायचा आणि घरी जायचं. पाच वर्षं हे सुरळीत चाललं होतं. कुणाची कथा सुधारली नव्हती आणि कुणाचं काही बिघडलंही नव्हतं.

एका रविवारी सांडूअण्णांनी पेपर आमच्या दाराबाहेर बसून वाचला. पुढच्या रविवारी दाराच्या आत बसून वाचला. तिसऱ्या रविवारी हातात पेपरच नव्हता. मंडळ चालवणारे आमचे वैद्य सर भले गृहस्थ. त्यांनी अदबीनं विचारलं, "आपण लिहिता का काही?"

"नाय," अण्णा म्हणाले. "मी तपासतो."

आणि त्यांनी तपासायला सुरुवात केली. वैद्य सरांच्या कथेत दर वेळी एक टपोऱ्या डोळ्यांची नायिका असते आणि शेवटी तिच्या डोळ्यांच्या कडा ओलावतात. अण्णांनी तळहात वर केला. "सर, हे वापरलेलं तिकीट हाये."

"म्हणजे?"

"काही कंडक्टर लई बिलंदर. उतरणाऱ्याकडून जुनं तिकीट घ्यायचे आन चढणाऱ्याला तेच द्यायचे. बिचाऱ्याला वाटायचं, आपल्याला तिकीट भेटलं. मी हातात घेतलं की कळायचं, ह्याच्यावर आधी कुणीतरी जाऊन आलंय. कडा ओलावल्या, काळजात चर्र झालं... ह्याच्यावर लई लोकं जाऊन आले सर. तुम्ही स्वताचं तिकीट फाडा."

वैद्य सरांनी महिनाभर काही लिहिलं नाही. मग एक कथा आणली. तीत नायिका रडण्याऐवजी गॅसची शेगडी घासत बसते. आम्ही सगळे 'छान जमलीय' म्हणायला विसरलो, कारण ती कथा खरंच चांगली होती. सर स्वतःच दचकले होते.

शीला साळवेच्या कथेत एक मामा होता. शीला सरकारी दवाखान्यात नर्स आहे आणि आमच्यात सगळ्यांत बरं लिहिते, हे मी आता कबूल करते. मामा दुसऱ्या पानावर यायचा, पान खायचा, चौथ्या पानावर पुन्हा पान खायचा.

"ह्यो मामा कुठं चालला?" अण्णांनी विचारलं.

"कुठं म्हणजे? तो असाच आहे."

"गाडीत आसाच कुणी बसत नसतो. कुठून बसला, कुठं उतरणार, त्यालाच नाय माहीत. उतरवा त्याला."

शीलानं मामाला उतरवला. मामाबरोबर दोन पानं गेली आणि कथा सरळ चालू लागली. त्यानंतर मंडळात 'उतरवा' हा शब्दच रुजला. आम्ही एकमेकांच्या आत्या, शेजारी, मांजरं, सगळं उतरवू लागलो.

संवादांच्या बाबतीत त्यांचा एक पक्का नियम होता. "खरं बोलणारा माणूस अडखळतो. खोटं बोलणारा पाठ करून येतो. तुमची माणसं लई फाडफाड बोलतात मॅडम. जनू समदे विनातिकीट हायेत." हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं, अर्थात त्यांना दिसणार नाही अशा बेतानं.

अण्णांचा संशय कथेपुरता असता तर ठीक होतं. पण मंडळाचा चहा आला की आधी दुसरा कुणी पितोय का बघायचे. फोटो काढू का म्हटलं की "कशाला लागतो?" विचारायचे. मोबाईल नेहमी रुमालात गुंडाळून ठेवायचे, कारण तो आपलं बोलणं ऐकतो अशी त्यांची खात्री होती. कुणी हसलं तर "हसता कामून?" आणि कुणी नाही हसलं तर नुसतं बघायचे, ते जास्त वाईट. त्यांचं घर माझ्याच गल्लीत आहे. केशरकाकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, एकदा मेथी निवडता निवडता मला म्हणाल्या, "तुम्हाला तीन वर्स झाले, मला तर बेचाळीस वर्स झाले. लग्नात आंतरपाट धरला आन हे बाजूनं वाकून बघू लागले. भटजी म्हने, आवो काय करता? तर म्हने, दावली व्हती तीच पोरगी हाये का, खात्री करतो."

"मग?"

"मंग काय. झाली खात्री. पन आजून बघतात कधीकधी."

अण्णांच्या खिशात एक लहान वही असायची. कुणी कथा वाचत असलं की ते मधूनच ती काढून काहीतरी टिपायचे आणि लगेच मिटायचे. आम्हाला साहजिकच संशय आला. लिहीत नाही म्हणणारा माणूस लिहितो काय? वैद्य सरांना वाटलं, आपल्या कथा उतरवून घेऊन हे कुठंतरी स्वतःच्या नावावर छापत असणार. शीलानं एकदा चहा देताना मान लांब करून डोकावून बघितलं. "नुसत्या वेळा आणि गावांची नावं आहेत," ती मला कुजबुजत म्हणाली. "तू लिहिलंस ना, तीनची गाडी वगैरे, ते सगळं. हा माणूस जाऊन बघून येतो, ताई. रिटायर माणसांचा पास आहे त्याच्याकडं."

ते खरं निघालं. अण्णा आमच्या कथांमधली गावं बघून यायचे. मग रविवारी सांगायचे की सिल्लोडच्या स्टँडसमोर तुम्ही म्हणता तसा रसवंतीवाला नाही, तिथं चपलांचं दुकान आहे. लेखकाला कल्पनेचं स्वातंत्र्य असतं, हे आम्ही तीन-चार वेळा सांगून बघितलं. ते म्हणायचे, "मंग गावाला पन कल्पनेतलं नाव द्या. खऱ्या गावचा बोर्ड लावून खोट्या गावाला कामून न्यायचं?"

आता माझ्या कथेकडं येते. आठ वर्षांत माझी एकही कथा कुठं छापून आली नव्हती. ह्या वर्षी एका दिवाळी अंकानं एक घेतली. त्या कथेत एक म्हातारी लेकीकडं निघालेली असते. पिशोरच्या अलीकडच्या एका फाट्यावर ती गाडीतून उतरते, हातात कापडी पिशवी, आणि पिंपळाच्या पारावर बसते. गाड्या येतात आणि न थांबता जातात. उन्हं कलतात. शेवटची गाडीही जाते आणि कथा संपते. तिचं पुढं काय होतं ते मी लिहिलं नव्हतं. संपादकांना तो खुला शेवट फार आवडला होता, त्या शेवटासाठीच कथा घेतली असं ते फोनवर म्हणाले होते. मी आठवडाभर हवेत होते.

रविवारी ती मंडळात वाचली. कथा संपली. सगळे दाराजवळच्या खुर्चीकडं बघू लागले. तळहात वर झाला नाही. वही निघाली नाही. अण्णा उठले आणि चहा न घेता निघून गेले.

"आवडली बहुतेक," वैद्य सर म्हणाले. कुणालाच ते पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येऊन चपला काढते तोच अण्णा दारात. बसा म्हटलं तर बसले नाहीत. "मॅडम, ती म्हातारी कुठं भेटली तुम्हाला?"

"कुठंच नाही. मी रचली."

"लेकीकडं चालली व्हती, हे कुणी सांगितलं?"

"अण्णा, पिशवी घेतलेली म्हातारी लेकीकडं नाही तर कुठं जाणार?"

"आन फाटा? तोच फाटा कामून?"

"पोरांची सहल त्या रस्त्यानं गेली होती. खिडकीतून पाटी दिसली. नाव आवडलं."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत कसं बघत असतील ते मला तेव्हा कळलं. "बरं," म्हणाले आणि गेले. माझी कथा चोरीची आहे असं ह्या माणसाला वाटत होतं. आणि ह्या माणसाला एखादी गोष्ट वाटली की तो ती शोधून काढतो. संपादकांनी मजकूर स्वतःचाच आहे असं माझ्याकडून लिहून घेतलं होतं. उद्या ह्यांनी कुठून तरी अशीच एखादी जुनी कथा हुडकून आणली, योगायोगानं सारखी असलेली, तर? मला रात्री नीट झोप लागेना. आपण ही कथा कुठं वाचली तर नव्हती ना, असा स्वतःचाच संशय येऊ लागला.

दोन आठवडे अण्णा मंडळात आले, पण गप्प. वैद्य सरांच्या कथेत पुन्हा कडा ओलावल्या तरी गप्प. केशरकाकूंना सहज विचारल्यासारखं विचारलं. त्या म्हणाल्या, "मंगळवारी पिशोरच्या गाडीनं जातात. जुना दोस्त हाये म्हनतात. मला तर काई खरं वाटत नाय. दोस्त आन ह्यांना?"

शीलानं लगेच निष्कर्ष काढला. "पुरावा गोळा करतोय, ताई. त्या फाट्यावर पिंपळ नसणार बघ."

मी अर्धी रजा टाकली. मंगळवारी अण्णांच्या आधीची गाडी पकडली. कपाळावर 'छत्रपती संभाजीनगर–पिशोर' अशी पाटी लावलेली गाडी, बायकांना अर्धं तिकीट. ते तिकीट मी सबंध रस्ताभर मुठीत घट्ट धरून बसले होते. फुलंब्री मागं पडली, दोन्ही बाजूला मका आणि कपाशी. फाट्यावर मी एकटीच उतरले.

तिथं पिंपळ नव्हता. पारही नव्हता. एक पत्र्याची शेड, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचा फाटका बोर्ड आणि एक चहाचं हॉटेल. माझी म्हातारी जिथं बसून वाचकांना रडवणार होती, तिथं बसायला जागाच नव्हती. मला स्वतःची लाज वाटली. हॉटेलवाले रफिकभाई भले माणूस. मी चहा सांगितला आणि विचारलं, इथं मंगळवारी शहरातून कुणी बारीकसे गृहस्थ येतात का?

"चेकरसाब ना? आते ना. पहिले महिन्यातून एकदा यायचे, पाच-सहा साल झाले असतील. अब तीन हफ्ते से हर मंगळवार. एक चाय पितात और सबको पूछते."

"काय विचारतात?"

"एक बुढी हिथं उतरली होती का, पुढं कुठं गेली. हिरवं लुगडं, हातात पिशवी. मॅडम, आता कुणाच्या ध्यानात राहतंय?"

मी चहाचा कप खाली ठेवला. माझ्या कथेत लुगड्याचा रंग कुठंच नाही. आणि ती कथा मी ह्या मे महिन्यात लिहिली. पाच-सहा वर्षांपासून हा माणूस कुणाला शोधतोय?

तेवढ्यात पुढची गाडी आली. अण्णा उतरले, शेडकडं वळले, आणि मला बघून जागच्या जागी थांबले.

"तुम्ही हिथं कामून?"

"तुम्ही कामून?"

मग ते माझ्यासमोरच्या बाकड्यावर बसले. "मॅडम, आता खरं सांगा. हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्या कंडक्टरनं?"

"कुठला कंडक्टर? अण्णा, मी... म्हणजे, शपथेवर... मला हा फाटासुद्धा... तो पिंपळ मी... नाही आहे तो, मला आत्ता कळलं." माझी एकही ओळ सरळ येईना.

ते माझ्याकडं बघत होते. मग खांदे सैल पडले. "अडखळता तुम्ही. म्हंजे खरं हाये." थोडं थांबून म्हणाले, "पन त्या नियमात मी एकदा चुकलो."

रफिकभाईंनी न सांगता त्यांच्यापुढं चहा ठेवला. आज त्यांनी तो लगेच उचलला.

"रिटायर व्हायला तीन-चार वर्षं ऱ्हायली व्हती. थंडीचे दिवस. गाडी ह्याच रस्त्याला थांबवली. एक म्हातारी, हिरवं लुगडं, तिकीट नाय. इचारलं तर फाडफाड बोलली. लेकीकडं चालले, तिचे दिवस भरलेत, पिशवीत डिंकाचे लाडू हायेत, कंडक्टरला पैसे दिले, तो म्हनला थांब मावशी, सुट्टे आले की तिकीट देतो, मंग इसरला. एका दमात. कंडक्टरला इचारलं, तर तो तत-फफ करू लागला. नाय साहेब, म्हंजे, दिले नाय, मला तर आठवत नाय. मी म्हनलं, हा अडखळतो, हा खरा. ही पाठ करून आली."

"मग?"

"मंग काय. उतरवली."

रस्त्यावरून मक्यानं भरलेला एक ट्रॅक्टर गेला.

"साडेचार-पाच वाजले व्हते. ती भांडली नाय, मॅडम. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हनली, साहेब, लाडू हाये बघा पिशवीत, बघून घ्या. तिला वाटलं, लाडू बघितले की माझा इश्वास बसंल. मी नाय बघितले. गाडी निघाली. दोन वर्षांनी तो कंडक्टर सापडला. हेच करायचा. पैसे घ्यायचा, तिकीट द्यायचा नाय, म्हाताऱ्या-कोताऱ्या बघून. चौकशीत भीतीनं तत-फफ करायचा, आन आमच्यासारखे म्हनायचे, खरा हाये."

त्यांनी खिशातली वही काढली. आमच्या वेळा आणि गावं टिपलेली नव्हे, दुसरी. जुनी, कोपरे मऊ झालेली. एक पान उघडून माझ्यापुढं धरलं. गाडीचा नंबर होता, तारीख होती, वेळ होती, फाट्याचं नाव होतं.

"समदं लिहिलं," ते म्हणाले. "नाव नाय इचारलं. गाव नाय इचारलं. कुणाला शोधू?"

माझे डोळे भरून आले. वापरलेलं तिकीट आहे हे मला माहीत आहे, पण त्या वेळी माझ्याजवळ दुसरं नव्हतं. तीन वर्षं मी ह्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, आणि तो आमच्या कथांमधल्या माणसांना एवढ्यासाठी तपासत होता की एकदा त्यानं एका खऱ्या माणसाला नीट तपासलं नव्हतं.

"काकूंना माहीत आहे?"

"नाय. तिला सांगितलं तर ती म्हनंल, जाऊ द्या, पोचली आसंल. सगळे तेच म्हनतील. पोचली आसंल." त्यांनी वही मिटली. "तुमची गोष्ट ऐकली आन मला वाटलं, ह्यांना ठाव हाये. पुढचं पन ठाव आसंल. मुद्दाम सांगत नाय. म्हनून इचारतो मॅडम, पुढं काय झालं तिचं?"

खुला शेवट, मी म्हणणार होते. वाचकानं आपापलं ठरवायचं असतं, असं मी मंडळात कितीदा तरी ऐटीत सांगितलं आहे. समोर तो वाचक बसला होता. त्यानं पाच-सहा वर्षं ठरवायचा प्रयत्न केला होता आणि त्याला जमलं नव्हतं. आणि मी एका म्हातारीला नसलेल्या पारावर बसवून, शेवट छान झाला म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

"एक ट्रॅक्टर आला," मी म्हटलं.

अण्णांनी मान वर केली. मी खोटं बोलतेय हे त्यांना कळत होतं. त्यांच्याइतकं ते कुणालाच कळलं नसतं. मी त्यांच्या तळहाताकडं बघत होते, आत्ता वर होईल, गाडी बाजूला घ्या म्हणतील. हात बाकड्यावरच राहिला.

"कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"तिच्या... लेकीच्या गावचाच होता तो माणूस. बाजारात मका घालून... नाही, शेतातला मका घेऊन घरी चालला होता. त्यानं ओळखलं तिला. म्हणाला, मावशी, इथं काय करता, चला."

"ओळखलं त्यानं?"

"हो. बाळंतपणाचं त्याला माहीत होतं. लहान गाव आहे ना."

"दिवस हाये का बुडाला?"

"आहे. चांगला कासराभर वर आहे."

त्यांनी कपातला उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "हे छापून येणार?"

संपादकांना हा शेवट आवडणार नाही, हे मला त्याच क्षणी दिसत होतं. कथा परत आली असती तर आणखी आठ वर्षं. पण मी म्हटलं, "येईल. आज रात्री नवा शेवट पाठवते. शेड पण लिहिते, पिंपळ काढून टाकते. ट्रॅक्टरवाला तिला शेजारी बसवतो, मडगार्डवर, आणि थेट लेकीच्या दारात नेऊन सोडतो."

"मडगार्डवर नका बसवू," सांडूअण्णा घाईनं म्हणाले. "रस्ता लई खराब हाये, म्हातारं माणूस पडंल. मागं ट्रॉलीत बसवा. मक्याची पोती आसतील ना, टेकायला व्हतं. आन त्याला म्हना, जरा हळू चालव."